बाहुलीचे मूळ कपडे : जुन्या बाहुल्यांच्या संग्रहातून आपण काय शिकू शकतो?



माळा आवरताना एखादी जुनी बाहुली सापडली, तर आपण पहिलं काम कोणतं करतो? तिचे मळकट कपडे काढतो, साबणाच्या पाण्यात घालतो आणि ते विरले, फाटले तर फेकून देतो. मग मुलीच्या फ्रॉकच्या उरलेल्या तुकड्यातून तिला नवा झगा शिवतो. बाहुली एकदम छान दिसायला लागते. आपल्यालाही बरं वाटतं.

पण जुन्या बाहुल्या जमवणारा एखादा जाणकार हे बघत असेल, तर तो कपाळावर हात मारून घेईल! कारण त्याच्या दृष्टीने आपण बाहुलीची अर्धी ओळख कचऱ्यात टाकलेली असते.

जुन्या बाहुल्या आणि त्यांचे मूळ कपडे जमवणे हा युरोप, अमेरिका आणि जपानमध्ये मोठा छंद आहे. वरवर पाहिले तर हा श्रीमंतांचा शौक वाटतो. पण जरा खोलात गेलो, तर हा छंद म्हणजे इतिहासाचा अभ्यास कसा करायचा याचा एक छान पाठच आहे. हा पाठ आपल्या वर्गात, आपल्या घरात, एक पैसाही खर्च न करता घेता येतो. तो कसा, ते शेवटी सांगते. आधी हा छंद समजून घेऊ.

जुनी बाहुली म्हणजे किती जुनी?

संग्राहक साधारणपणे शंभर वर्षे किंवा त्याहून जुन्या बाहुलीला पुरातन, म्हणजे अँटिक म्हणतात. त्यापेक्षा अलीकडच्या बाहुल्यांना ते जुन्या म्हणतील, पण पुरातन म्हणणार नाहीत.

बाहुली कशाची बनवली आहे, यावरूनही तिचे वय समजायला मदत होते. युरोपात आधी लाकडाच्या, मेणाच्या, कागदाच्या लगद्याच्या बाहुल्या होत. एकोणिसाव्या शतकात चिनी मातीची डोकी आली. त्यातही दोन प्रकार. एक चकचकीत, आपल्या कपबशीसारखा. दुसरा चकाकी न दिलेला, त्याला 'बिस्क' म्हणतात. बिस्कचा चेहरा हाताला किंचित खरखरीत लागतो आणि माणसाच्या त्वचेसारखा मंद दिसतो. डोके बिस्कचे, डोळे काचेचे, केस खरे किंवा लोकरीचे आणि अंग भुसा भरलेल्या चामड्याचे, अशा बाहुल्या फ्रान्स आणि जर्मनीत मोठ्या संख्येने तयार झाल्या. जर्मनीतला थुरिंगिया हा भाग तर यासाठी प्रसिद्धच होता. तिथल्या गावांमध्ये घरोघरी बाहुल्यांचे हात, पाय, डोळे, कपडे बनवण्याचे काम चाले.

अशा बाहुलीच्या मानेच्या मागे, केसांखाली, बहुतेक वेळा काही आकडे किंवा अक्षरे कोरलेली असतात. तो साच्याचा क्रमांक किंवा कारखान्याची खूण. अमेरिकेत १८९० मध्ये एक कायदा झाला आणि त्यानंतर बाहेरून येणाऱ्या मालावर तो कोणत्या देशात बनला हे लिहिणे सक्तीचे झाले. म्हणून मानेवर 'जर्मनी' असे कोरलेले दिसले, तर बाहुली बहुधा १८९१ नंतरची, असा अंदाज बांधता येतो. बघा, एका कायद्याचा पुरावा बाहुलीच्या मानेवर सापडतो!

पण मानेवरची खूण सगळे सांगत नाही

खुणेवरून डोके कोणी बनवले ते कळते. पण ती बाहुली कोणाकडे होती? तिच्याशी कोण खेळले? त्या काळातल्या बायका, मुली, गडीमाणसे काय घालत होती? हे डोके सांगत नाही. हे कपडे सांगतात.

याचे सर्वात सुंदर उदाहरण लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. तिथे लाकडी बाहुल्यांची एक जोडी आहे. त्यांना 'लॉर्ड आणि लेडी क्लॅफम' म्हणतात. त्या इ. स. १६९० ते १७०० च्या सुमाराच्या, म्हणजे आपल्याकडे छत्रपती राजाराम महाराजांच्या काळातल्या. दोघांनाही बसायला छोट्या खुर्च्या आहेत. चेहरे तसे साधेच, पण अंगावरचे कपडे जवळजवळ जसेच्या तसे आहेत. लेडीच्या अंगावर वरचा झगा तर आहेच, पण आतले परकर, मोजे हेसुद्धा आहेत. लॉर्डला कोट, सदरा, गळ्याचा रुमाल, हॅट आहे, शिवाय घरात घालायचा सैल अंगरखाही आहे.

यात एवढे विशेष काय? विशेष असे की त्या काळातल्या खऱ्या माणसांचे कपडे फार थोडे उरले. कापड महाग होते. आईचा झगा उसवून मुलीचा शिवायचा, तो फाटला की लहान मुलाचा. आपल्याकडे जुन्या लुगड्याची गोधडी होते, तसेच. त्यामुळे तीनशे वर्षांपूर्वी लोक कपड्यांच्या आत काय घालत, कशावर काय चढवत, ते कसे अडकवत, हे अभ्यासकांना या दोन बाहुल्यांवरून नीट बघता येते. १९७० च्या दशकात ही जोडी परदेशी जाण्याची वेळ आली होती. तेव्हा लोकांकडून वर्गणी गोळा करून ती संग्रहालयाने घेतली.

आता कल्पना करा, मधल्या तीनशे वर्षांत एखाद्या हौशी आजीने 'किती मळलेत गं हे!' म्हणून त्यांना नवे कपडे शिवले असते, तर? मग त्या फक्त दोन लाकडी बाहुल्या राहिल्या असत्या.

बक्षीस बाहुलीला नाही, कपड्यांना!

अजून एक गंमत सांगते. पॅरिसच्या 'जुमो' या कारखान्याच्या बाहुल्या आज संग्राहकांच्या फार आवडीच्या आहेत. १८५१ मध्ये लंडनला जे भव्य जागतिक प्रदर्शन भरले, त्यात या कारखान्याला पदक मिळाले होते. पण परीक्षकांनी स्पष्ट लिहिले की बाहुल्यांमध्ये कौतुक करण्यासारखे काही नाही, कपडे मात्र उत्तम आहेत! पुढे या कारखान्याने स्वतःची बिस्कची डोकी बनवायला सुरुवात केली आणि मग चेहऱ्यांसाठीही त्यांचे नाव झाले. पण सुरुवातीचा मान कपड्यांचा, हे लक्षात ठेवा.

त्या काळातल्या फ्रेंच बाहुल्यांबरोबर छोटी पेटी मिळायची. तिच्यात झगे, हातमोजे, टोप्या, बूट, छत्री, असा पूर्ण संसार असे. आपल्या भातुकलीत जशी खरी वाटावीत अशी छोटी भांडी असतात, तसेच हे. या खेळातून मुली शिवणकाम शिकत. १८६३ पासून पॅरिसमध्ये 'ला पुपे मॉदेल' नावाचे मासिक निघत होते. त्यात बाहुलीचे कपडे बेतण्याचे नमुने असत.

१९०५ मध्ये तर एका फ्रेंच साप्ताहिकाने वेगळीच कल्पना काढली. साप्ताहिकाचे नाव 'ला स्मेन द सुझेत'. वर्षाची वर्गणी भरणाऱ्या मुलींना त्यांनी 'ब्लूएत' नावाची २७ सेंटिमीटर उंचीची बाहुली भेट दिली. मग अंकातून तिच्या मापाच्या कपड्यांचे नमुने येऊ लागले. हे १९६० पर्यंत चालले. त्यामुळे ब्लूएतचे कपडे बघितले की कोणत्या वर्षी कोणती फॅशन होती, युद्धाच्या काळात कापडाची काटकसर कशी केली, हे सगळे उलगडत जाते.

इथे आपल्या कामाची एक गोष्ट आहे. 'मूळ कपडे' म्हणजे फक्त कारखान्यात शिवलेले असे नाही. एखाद्या दहा वर्षांच्या मुलीने त्या काळात स्वतः शिवलेला, वाकड्या टाक्यांचा झगासुद्धा मूळच. उलट त्या वाकड्या टाक्यांत ती मुलगी दिसते! म्हणून जाणकार संग्राहक वाकडा टाका उसवून सरळ करत नाही.

कपडे मूळचे आहेत हे ओळखायचे कसे?

हा भाग मुलांना फार आवडतो, कारण यात गुप्तहेरगिरी आहे. बाहुली १८८० ची आहे असे विकणारा सांगतो. कपडेही तेव्हाचेच का? जाणकार काय काय बघतो, ते पाहू.

१. शिलाई : घरोघरी शिलाई मशीन पोहोचले ते १८५० नंतर हळूहळू. म्हणून १८२० ची म्हणवणाऱ्या बाहुलीच्या झग्यावर मशीनची टीप दिसली, तर तो झगा नंतरचा.

२. बंद आणि बटणे : नाड्या, आकडे, छोटी बटणे जुनी. दाबून लावायची टिचबटणे सर्रास वापरात आली विसाव्या शतकात. चेन तर त्याहूनही नंतरची.

३. कापड : सुती, रेशमी, लोकरी, तागाचे कापड जुने असू शकते. नायलॉन बाजारात आले ते १९४० च्या आसपास. म्हणजे १८८० च्या बाहुलीला नायलॉनची लेस असेल, तर ती लेस नंतर लावलेली.

४. रंग : १८५६ मध्ये विल्यम पर्किन नावाच्या अठरा वर्षांच्या मुलाने प्रयोग करताना पहिला कृत्रिम जांभळा रंग शोधला. त्याआधी रंग वनस्पती, किडे, खनिजे यांपासून मिळत. भडक कृत्रिम रंग हा त्यानंतरचा पुरावा.

५. अतिनील दिवा : नोटा तपासायचा असतो तसला दिवा. नव्या कापडात आणि आजच्या कपडे धुण्याच्या पावडरीत पांढरेपणा वाढवणारी रसायने असतात. त्या दिव्याखाली ती निळसर चमकतात. जुने, न धुतलेले कापड सहसा तसे चमकत नाही.

६. सावली : मूळ कपडे वर्षानुवर्षे अंगावर असतील, तर झाकलेला भाग कमी मळतो आणि उघडा भाग जास्त. कॉलरच्या खाली कापडाचा रंग गडद राहतो, बाहेर विटतो. ही सावली आणि कपड्याची कड जुळली, तर कपडे तिचेच असण्याची शक्यता वाढते.

लक्षात घ्या, यातला कोणताही एकच पुरावा पुरेसा नसतो. चार-पाच पुरावे एकाच दिशेला बोट दाखवायला लागले, की मग निष्कर्ष काढायचा. आपण विज्ञानाच्या तासाला आणखी वेगळे काय शिकवतो?

प्रामाणिक संग्राहक आपल्या वहीत तीन प्रकार वेगळे लिहितो : मूळ कपडे, त्याच काळातले पण दुसऱ्या बाहुलीचे कपडे आणि जुन्या पद्धतीने नव्याने शिवलेले कपडे. नवे कपडे घालणे हा गुन्हा नाही. नवे घालून 'मूळ आहेत' म्हणून सांगणे, ही फसवणूक. मूळ कपड्यांतल्या बाहुलीला किंमत बरीच जास्त येते, म्हणून ही फसवणूक बाजारात चालते.

कपडे बदलले आणि नावच हरवले

आतापर्यंत आपण एकेका बाहुलीबद्दल बोललो. आता एक गोष्ट सांगते ती हजारो बाहुल्यांची आहे. त्यात बाहुली आणि कपडे वेगळे झाले की काय होते, ते कळते. आणि शिक्षक म्हणून आपल्या काळजाला हात घालणारी एक घटनाही त्यात आहे.

१९२४ मध्ये अमेरिकेने कायदा करून जपानी लोकांना तिथे स्थायिक होण्यासाठी येणे बंद केले. दोन्ही देशांत कटुता आली. सिडनी गुलिक नावाचे एक अमेरिकी मिशनरी वीसहून अधिक वर्षे जपानमध्ये राहिले होते. त्यांना वाटले, मोठ्यांचे भांडण राहू दे बाजूला, निदान मुलांची तरी मैत्री होऊ दे. जपानमध्ये ३ मार्चला 'हिना मात्सुरी' हा मुलींचा, बाहुल्यांचा सण असतो. या सणासाठी अमेरिकेतल्या मुलांनी जपानच्या मुलांना बाहुल्या पाठवायच्या, असे ठरले.

१९२७ मध्ये बारा हजारांहून अधिक बाहुल्या जहाजांतून जपानला गेल्या. बाहुल्या कारखान्यातल्या, पण कपडे बहुतेक ठिकाणी मुलींनी आणि त्यांच्या आयांनी शिवलेले. प्रत्येकीला नाव, प्रत्येकीबरोबर पत्र आणि चक्क एक छोटा पासपोर्टसुद्धा! या बाहुल्या जपानभरच्या बालवाड्यांना आणि प्राथमिक शाळांना वाटल्या गेल्या.

जपानने याची परतफेड कशी केली बघा. शिबुसावा एइची हे वयोवृद्ध उद्योगपती पुढे झाले. जपानी शाळांतल्या लाखो मुलींनी एक-एक सेन वर्गणी दिली. सेन म्हणजे येनचा शंभरावा भाग. त्यातून देशातल्या उत्तम कारागिरांकडून ५८ बाहुल्या बनवून घेतल्या. उंची सुमारे ८० सेंटिमीटर, म्हणजे दीड-दोन वर्षांच्या मुलाएवढी. चेहऱ्यावर शिंपल्यांच्या बारीक भुकटीचा लेप, त्याला 'गोफुन' म्हणतात. केस माणसाचे, डोळे काचेचे आणि अंगावर रंगवलेला रेशमी किमोनो. बहुतेक बाहुल्या एकेका प्रांताच्या किंवा शहराच्या प्रतिनिधी होत्या. कोणी 'मिस क्योतो', कोणी 'मिस कागावा'. सोबत छोट्या पेट्या, चहाची भांडी, छत्री, पादत्राणे असा सगळा सरंजाम.

या बाहुल्या अमेरिकेत गावोगावी फिरल्या. प्रत्येक ठिकाणी पेटीतून बाहेर काढायच्या, मांडायच्या, पुन्हा भरायच्या. या काढ-घाल करण्यात काहींच्या नावाच्या पाट्या, उभ्या राहायच्या बैठका आणि सामान एकमेकींत मिसळले. शेवटी वेगवेगळ्या संग्रहालयांना त्या दिल्या गेल्या, तेव्हा काही बाहुल्यांना दुसरीचेच नाव मिळाले होते! पुढे अनेक वर्षांनी त्या दुरुस्तीसाठी जपानला नेल्या गेल्या आणि अभ्यासकांनी १९२७ सालचे जुने फोटो पुढ्यात घेतले. चेहरा आणि किमोनोवरची नक्षी फोटोशी ताडून पाहिली, तेव्हा हा घोळ उघड झाला. म्हणजे पाटी खोटी ठरली आणि किमोनोने साक्ष दिली. किमोनो बदललेला असता, तर ती साक्षही गेली असती.

ज्यांनी बाहुली लपवली ते शिक्षक

आता या गोष्टीचा दुसरा भाग. १९४१ मध्ये जपान आणि अमेरिका युद्धात उतरले. शाळाशाळांमधल्या त्या निळ्या डोळ्यांच्या बाहुल्या आता 'शत्रूच्या' झाल्या. १९४३ च्या सुमारास त्या नष्ट करा, अशी मोहीमच सुरू झाली. बाहुल्या जाळल्या गेल्या. काही ठिकाणी मुलांना बांबूच्या भाल्यांनी त्यांना भोसकायला लावले. ज्या मुलांनी सणाला तिच्यापुढे गाणी म्हटली होती, त्याच शाळांमध्ये हे झाले.

पण सगळीकडे नाही. काही शाळांमधल्या शिक्षकांनी आणि कर्मचाऱ्यांनी बाहुली गुपचूप लपवली. कोणी कपाटाच्या मागे, कोणी अडगळीच्या खोलीत, कोणी स्वतःच्या घरी. तेव्हा असे करणे म्हणजे देशद्रोही ठरण्याची भीती. तरी त्यांनी केले. 'बाहुलीचा काय दोष?' एवढाच साधा विचार त्यामागे असावा.

बारा हजारांपैकी आज जपानमध्ये तीनशेच्या थोड्या वर बाहुल्या शिल्लक असल्याची नोंद आहे. त्यातल्या कित्येक तर युद्धानंतर अनेक वर्षांनी शाळेची जुनी इमारत पाडताना किंवा कपाटे आवरताना सापडल्या. काहींजवळ त्यांचा पासपोर्ट, पत्र आणि अमेरिकेतल्या कोणा आईने शिवलेला झगा अजून होता. काहींजवळ यातले काहीच उरले नव्हते. ज्यांचे कागद आणि कपडे टिकले, त्यांचे गाव, त्यांचे नाव आज सांगता येते. बाकीच्या नुसत्याच 'अमेरिकेची बाहुली'.

तिकडे अमेरिकेतही जपानी बाहुल्या युद्धाच्या काळात प्रदर्शनातून काढून कोठारात ठेवल्या गेल्या. तरी ५८ पैकी चाळीसहून अधिक बाहुल्यांचा ठावठिकाणा आज माहीत आहे. आणि एक आनंदाची गोष्ट सांगते, गुलिक यांच्या नातवाने १९८० च्या दशकात जपानच्या शाळांना पुन्हा नव्या बाहुल्या पाठवायला सुरुवात केली.

जपायचे कसे?

आपल्याकडे एखादी जुनी बाहुली असेल, तर पुढच्या गोष्टी जरूर पाळा. यासाठी संग्रहालयाची गरज नाही.

- कपडे धुऊ नका. जुने रेशीम पाण्यात विरते आणि रंग पसरतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रेशीम जड वाटावे म्हणून त्यावर धातूंचे क्षार चढवत. असे रेशीम तर हात लावताच उभे फाटते.
- धूळ मऊ ब्रशने अलगद झटका. घासू नका.
- उन्हात किंवा ट्यूबलाइटसमोर कायम मांडून ठेवू नका. उजेडाने गेलेला रंग परत येत नाही.
- प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवू नका. आपल्या पावसाळ्यात आत ओल धरते आणि बुरशी येते. धुतलेल्या, खळ नसलेल्या पांढऱ्या सुती कापडात गुंडाळा. मधून मधून उघडून कसर लागली नाही ना, ते बघा.
- डांबराच्या गोळ्या कापडाला चिकटून ठेवू नका. लहान मुले असलेल्या घरात तर त्या नकोतच.
- सुटलेले बटण, तुटलेली लेस, जुनी चिठ्ठी, डबा, काहीही फेकू नका. एका पाकिटात घालून बाहुलीबरोबरच ठेवा.
- आणि सर्वात महत्त्वाचे, तिची गोष्ट लिहून ठेवा.

वर्गात काय करता येईल?

आपण मुलांना इतिहासाची साधने शिकवतो. भौतिक, लिखित आणि मौखिक. मुले पाठ करतात आणि विसरतात. पण बाहुली समोर ठेवली की हे तीनही प्रकार हातात येतात. बाहुली आणि तिचे कपडे हे भौतिक साधन. तिच्यासोबतचे पत्र किंवा चिठ्ठी हे लिखित साधन. आणि आजीने सांगितलेली तिची आठवण हे मौखिक साधन. किती सोपे!

आपल्या मुलांच्या घरी फ्रान्सच्या बिस्कच्या बाहुल्या नसणार, हे उघड आहे. पण कोणाच्या घरी लाकडी ठकी असेल. कोणाच्या आजीने चिंध्यांची बाहुली केली असेल, तिला जुन्या इरकलीच्या काठाचे लुगडे नेसवले असेल. शंभर वर्षे जुनी नसेल, म्हणून काय झाले? तीस वर्षांची बाहुलीसुद्धा चालेल. बाहुली नसेल तर आजीच्या लुगड्याची गोधडी, बाळाचे अंगडे-टोपडे चालेल.

मुलांना एक 'बाहुलीचे ओळखपत्र' तयार करायला सांगा. वहीच्या अर्ध्या पानावर एवढेच प्रश्न :

१. बाहुलीचे नाव काय? ते कोणी ठेवले?
२. ती कशाची बनवली आहे? कोणी बनवली किंवा कुठून आणली?
३. अंगावरचे कपडे कोणते? त्यांचे कापड आधी कशाचे होते?
४. टाके हाताचे की मशीनचे?
५. तिच्याशी कोण कोण खेळले?
६. ही माहिती कोणी सांगितली? कोणत्या तारखेला?

सहावा प्रश्न गाळू नका बरं का! मुलांना त्यातूनच कळते की माहितीलाही मालक असतो, तिचाही पुरावा द्यायचा असतो. एखादी मुलगी लिहून आणेल, 'बाहुलीचं लुगडं पणजीच्या लग्नातल्या शालूचं आहे.' मग त्या शालूचा रंग, तो कुठल्या बाजारातून आणला, तेव्हा लग्न कसे व्हायचे, असे प्रश्न आपोआप येतात. परिसर अभ्यास, भाषा आणि कार्यानुभव, तिन्ही एका तासात.

मुलांपैकी 'आमच्याकडे काहीच नाही' म्हणणारेही असतात. स्थलांतर करून आलेल्या, ऊसतोडीच्या, वीटभट्टीच्या कुटुंबांतल्या मुलांजवळ जुनी वस्तू उरलेली नसते. त्यांना कमीपणा वाटू देऊ नका. त्यांनी आईला विचारून, तिच्या लहानपणी ती कशाशी खेळायची ते लिहून आणावे. काडीला चिंधी गुंडाळलेली बाहुली असेल. ती हरवली असली, तरी तिचे ओळखपत्र होऊ शकते. वर्गात तशी बाहुली मुले पुन्हा करतीलही. फक्त कार्डावर 'नव्याने केलेली' असे प्रामाणिकपणे लिहायचे, जसे चांगला संग्राहक लिहितो.

दिल्लीला सहल किंवा कौटुंबिक प्रवास होणार असेल, तर बहादूरशाह जफर मार्गावरचे शंकर आंतरराष्ट्रीय बाहुली संग्रहालय मुलांना जरूर दाखवा. व्यंगचित्रकार के. शंकर पिल्लई यांनी ते १९६५ मध्ये सुरू केले. तिथे जगभरातल्या बाहुल्या आहेत आणि भारताच्या वेगवेगळ्या प्रांतांच्या वेशातल्या बाहुल्याही आहेत. मात्र जाण्यापूर्वी मुलांना एक फरक समजावून सांगा. एखाद्या प्रांताचा वेश दाखवण्यासाठी मुद्दाम तयार केलेली बाहुली वेगळी आणि कोणाच्या तरी हातात खेळून जुनी झालेली बाहुली वेगळी. पहिली आपल्याला 'असा वेश असतो' हे सांगते. दुसरी 'हे कपडे एका माणसाने एका मुलीसाठी शिवले होते' हे सांगते. दोन्ही मोलाच्या, पण दोघींना विचारायचे प्रश्न वेगळे.

पालकांना एक विनंती. या दिवाळीत घर आवराल, तेव्हा जुनी बाहुली सापडली तर लगेच बादलीत टाकू नका. आधी घरातल्या सर्वात मोठ्या माणसाजवळ ती घेऊन बसा, मुलांना शेजारी बसवा आणि विचारा, 'हिचे हे कपडे कोणी शिवले?' आजी आज आहे, तोवर उत्तर मिळेल. कापड जपून ठेवले तर आणखी पन्नास वर्षे टिकेल, पण उत्तर लिहून घेतले नाही तर ते तिच्याबरोबरच जाईल.

तुमच्या वर्गात हा उपक्रम घेतलात, तर मुलांनी केलेली ओळखपत्रे जपून ठेवा. काही वर्षांनी तीच शाळेची मोलाची ठेव होतील.